जिम कॉर्बेट: दोन अटी आणि एकतीस वर्षं

आज एका माणसाची आठवण काढायची आहे. नाव तुम्ही नक्की ऐकलेलं आहे: जिम कॉर्बेट. उत्तराखंडातलं नॅशनल पार्क, जंगल सफारीच्या जाहिराती, इन्स्टाग्रामवरचे जीपमधले फोटो... आणि कुठेतरी एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो. डोक्यावर हॅट, हाफ पॅन्ट, हातात रायफल, पायाशी मेलेला वाघ.

तो फोटो बघून आपण दोनपैकी एक मत बनवतो. एक तर "काय डेअरिंग!" नाहीतर "वाघ मारणारा इंग्रज, आणि पार्कला नाव त्याचं?" दोन्ही मतं अर्धवट आहेत. शहरात पिसाळलेलं कुत्रं फिरायला लागलं किंवा सोसायटीत बिबट्या शिरला, की आपण कुणाला तरी फोन लावतो. कुणीतरी येतं, नेमकं जनावर शोधतं, माणसांना मागे हटवतं आणि काय ते करतं. कॉर्बेटनं हेच काम एकतीस वर्षं केलं. खुर्ची नाही, पगार नाही, बक्षीस तर त्यानं स्वतःच नाकारलेलं. आणि तो दोन महायुद्धांत वर्दी घालून उभा राहिला. तर आज त्याच्याकडे शिकारी म्हणून बघायचं नाही, या कामाचा माणूस म्हणून बघायचं. कारण हे काम आजही आपल्या महाराष्ट्रात कुणीतरी करतंय, आणि ते चुकलं तर काय होतं तेही आपण बघतोय.

पोस्टमास्तरचा मुलगा

जन्म २५ जुलै १८७५, नैनिताल. वडील तिथले पोस्टमास्तर. घरात भावंडांची रांग, आणि जिम लहान असतानाच वडील गेले. म्हणजे साहेबाच्या बंगल्यात वाढलेला लाडोबा डोळ्यासमोर आणू नका. आई मेरी जेननं खटपट करून घर चालवलं. उन्हाळा नैनितालला, हिवाळा खाली तराईत कालाढुंगीला. कालाढुंगीच्या जंगलात हा मुलगा पक्ष्यांचे आवाज, हरणांची इशारत, पावलांचे ठसे शिकला. कोण ओरडलं, कुणाला बघून ओरडलं, ते जनावर कुठल्या दिशेनं चाललंय, हे त्याला नुसत्या कानानं कळायचं.

शिक्षण फार नाही. विशीच्या आत रेल्वेत चिकटला. पुढे बिहारमध्ये गंगेकाठी मोकामा घाटावर मालाच्या चढउताराचं कंत्राट मिळालं. ब्रॉडगेजच्या डब्यातला माल उतरवायचा, नदी ओलांडायची, मीटरगेजच्या डब्यात भरायचा. उन्हातान्हात हमालांबरोबर राबायचं. हे त्यानं वीसेक वर्षं केलं. हिंदुस्थानी आणि कुमाऊंनी तो घरच्यासारखी बोलायचा. पहाडातल्या लोकांनी त्याच्या आडनावाचं सरळ 'कारपेट साहेब' करून टाकलं.

दोन अटी

आता या १९०७ मध्ये. नेपाळमधून एक वाघीण कुमाऊंत आलेली. नेपाळात तिनं २०० माणसं मारल्याचं सांगितलं जात होतं. तिथून हाकलल्यावर ती इकडे आली आणि चार वर्षांत इथे आणखी २३४. सरकारनं बक्षीस लावलं, खास शिकारी नेमले, अल्मोड्याहून सैनिक पाठवले. उपयोग शून्य. शेवटी नैनितालचे डेप्युटी कमिशनर या रेल्वे कंत्राटदाराकडे आले. वय ३१-३२.

कॉर्बेटनं होकार दिला, पण दोन अटी घातल्या. पहिली, लावलेली सगळी बक्षिसं रद्द करा. दुसरी, जंगलात सोडलेले सगळे शिकारी आणि सैनिक परत बोलवा.

मंडळी, जरा थांबून या अटींकडे बघा. बक्षीस असलं की काय होतं? पैशासाठी बंदूक घेऊन कुणीही जंगलात शिरतो. समोर दिसेल तो वाघ मारतो, कातडं घेऊन कचेरीत हजर, "हीच ती." आणि खरी नरभक्षक दुसऱ्या डोंगरावर मोकळी. शिवाय दहा बंदुका एकाच जंगलात असल्या की एकमेकांना गोळी लागायची भीती वेगळी. कॉर्बेटला 'बक्षिसासाठी मारणारा' हा शिक्का नको होता, तसाच झाडीत बसून कुणा हौशी माणसाच्या गोळीनं मरायचंही नव्हतं. दोन्ही अटी मान्य झाल्या.

पुढे तो पाली नावाच्या गावात पोचला. पाच दिवसांपूर्वी तिथे एका बाईला वाघिणीनं नेलं होतं. ती झाडावर चढून गुरांसाठी पाला तोडत होती. त्या दिवसापासून गावानं दाराची कडी काढली नव्हती. अंगणात घाण साचलेली, घरातलं धान्य संपत आलेलं. विचार करा, आपण लॉकडाऊनमध्ये घरात बसलो तेव्हा निदान मोबाइल होता. इथे दाराबाहेर मरण होतं.

कॉर्बेट तिथे पोचला आणि लगेच धाड घातली, असं झालं नाही. लोकांना शेतात जाऊन काम करता यावं म्हणून आधी तो बंदूक घेऊन त्यांच्या पहाऱ्याला उभा राहिला. मग कुठे लोक बोलायला लागले, आणि माहिती मिळायला लागली.

शेवट चंपावतला झाला. एका मुलीला वाघिणीनं नेलं होतं. तहसीलदारानं दवंडी पिटली, आणि हाकारा घालायला २९८ माणसं जमली. विनापरवाना बंदूक असेल तीही घेऊन या, मी तिकडे बघणार नाही, असं तहसीलदारानं आधीच सांगितलं होतं! डोंगराच्या धारेवरून ढोल, आरडाओरडा, दगडधोंडे, बार. वाघीण खाली उतरली. कॉर्बेटकडे फक्त तीन काडतुसं होती, ती संपली. जखमी वाघीण वळून उभी राहिली तेव्हा यानं पळत जाऊन तहसीलदाराची मोडकळीला आलेली बंदूक घेतली आणि त्या बंदुकीनं शेवटचा बार काढला.

नंतर त्यानं वाघिणीचं तोंड उघडून बघितलं. उजवीकडचे वरचे-खालचे सुळे मोडलेले. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. कधीकाळी कुणीतरी तिच्यावर गोळी झाडली होती. त्या दिवसापासून तिला तिची नेहमीची शिकार पकडता येईना. ४३६ माणसांच्या मरणाची सुरुवात एका चुकलेल्या गोळीपासून झाली होती.

या कथेत एक बाई आहे, तिला मी विसरू शकत नाही. तिच्या डोळ्यांसमोर वाघिणीनं तिच्या बहिणीला उचललं होतं. ही ओरडत मागे धावली, आणि त्या दिवसापासून तिची वाचा गेली. परतीच्या वाटेवर कॉर्बेट वाघिणीचं कातडं घेऊन मुद्दाम तिच्या दारात गेला. कातडं बघून ती बोलायला लागली, गावभर हाका मारत सुटली. हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय.

जनावर असं का झालं?

कॉर्बेटची ही सवय पुढे कायम राहिली. जनावर पडलं की काम संपलं, असं तो मानायचा नाही. ते माणसावर का आलं, हे शोधायचा. मुक्तेश्वरच्या वाघिणीचा एक डोळा गेलेला, अंगात साळिंदराचे पन्नासेक काटे रुतलेले. ठाकच्या वाघिणीच्या अंगात बंदुकीच्या जुन्या जखमा, त्यातली एक चिघळलेली. म्हणजे दहातल्या बऱ्याच वेळा मूळ कारणात माणसाचाच हात.

आणि रुद्रप्रयागचा बिबट्या! केदारनाथ आणि बद्रीनाथच्या यात्रेच्या वाटेवर १९१८ ते १९२६ या काळात त्यानं १२५ माणसं मारली. अंधार पडला की त्या मुलखात संचारबंदीच. ती सरकारनं लावलेली नव्हती, बिबट्यानं लावलेली. सरकारनं दहा हजार रुपये रोख आणि दोन गावं इनाम जाहीर केली. सापळे लावले, विष घातलं, बंदुकांचे खास परवाने वाटले. बिबट्या सगळं पचवून उभा.

हा माणसावर का आला? कॉर्बेटनं दिलेलं कारण ऐका. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. एवढी माणसं मेली की दहन करायला लाकूड आणि हात दोन्ही पुरेनात. मृताच्या तोंडात निखारा ठेवायचा आणि प्रेत दरीत ढकलायचं. बिबट्या मेलेलं मांसही खातो. साथ ओसरली, प्रेतं मिळेनाशी झाली, तोंडाला लागलेली चव राहिली. त्या साथीनं जगभर काय केलं हे आपण वाचलेलं असतं, पण गढवालच्या एका बिबट्यापर्यंत तिचा धागा जातो हे माझ्या तरी कधी डोक्यात आलं नव्हतं.

या बिबट्यासाठी कॉर्बेट रुद्रप्रयागच्या अलकनंदेवरच्या पुलाच्या बुरुजावर वीस रात्री बसला. वारा असा की पडू नये म्हणून जपावं लागायचं. बिबट्या एकदाही पूल ओलांडून आला नाही. शेवटी मे १९२६ मध्ये गुलाबराय इथे, एका आंब्याच्या झाडावर बसून, गळ्यात घंटा बांधलेल्या बकरीच्या आवाजावर कान ठेवून, रात्री त्यानं त्याला मारलं. सकाळी बघतो तर म्हातारा बिबट्या. दात झिजलेले, तोंड विषानं काळं पडलेलं.

वर्दीतली वर्षं

आता मध्येच थोडं मागे जाऊ. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा कॉर्बेट भरती व्हायला गेला. वय जास्त म्हणून परत पाठवला. १९१७ मध्ये माणसं कमी पडायला लागली तेव्हा मात्र त्याला कॅप्टन केलं आणि कुमाऊंतून माणसं जमवायला सांगितलं. ५०० पहाडी माणसांची तुकडी घेऊन तो फ्रान्सला गेला: सत्तरावी कुमाऊं कंपनी.

ही लढाऊ तुकडी नव्हती, मजुरांची होती. खंदक, रस्ते, मालाची ने-आण. ज्यांनी आयुष्यात कधी समुद्र बघितला नव्हता अशी माणसं युरोपच्या चिखलात, बर्फात राबत होती. भारतातून अशा कितीतरी मजूर तुकड्या गेल्या आणि इतिहासाच्या पुस्तकात त्यांना एक ओळसुद्धा मिळत नाही. कॉर्बेटच्या तुकडीतला एक माणूस वगळता सगळे घरी परतले, असं सांगितलं जातं. मोकामा घाटावर हमालांबरोबर घालवलेली वर्षं इथे कामाला आली असणार. त्यानंतर वझिरिस्तानच्या सरहद्दीवर काम, मेजरचा हुद्दा.

आणि दुसरं महायुद्ध लागलं तेव्हा हा माणूस ६४ वर्षांचा! तरी भरतीच्या कामाला लागला, आजारी पडला, उठला, आणि १९४४ मध्ये लेफ्टनंट कर्नल म्हणून छिंदवाड्याला गेला. नागपूरपासून फार लांब नाही ते. तिथे ब्रह्मदेशात लढायला जाणाऱ्या सैनिकांना तो जंगल शिकवायचा. पाणी कुठे मिळेल, काय खाल्लेलं चालेल, पक्षी अचानक का ओरडला, वाट चुकलात तर काय करायचं. आयुष्यभर वाघामागे फिरून मिळवलेलं ज्ञान आता वीस-बावीस वर्षांच्या पोरांचा जीव वाचवायला वापरलं जात होतं.

त्याच वर्षी त्याचं 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' आलं. आणि हे बहुतेकांना माहीत नसतं: ते पहिल्यांदा छापलं गेलं आपल्या मुंबईत, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेकडून. पहिल्या आवृत्तीचं मानधन कॉर्बेटनं युद्धात दृष्टी गेलेल्या भारतीय सैनिकांच्या सेंट डनस्टन वसतिगृहाला दिलं.

त्याची चूक, त्यानंच सांगितलेली

आता जरा अवघड भागाकडे येऊ. कारण माणसाची आठवण काढायची म्हणजे आरती ओवाळायची, असं नाही ना.

१९२९ मध्ये चौगढच्या वाघिणीच्या मागावर असताना कॉर्बेटला दोन वाघ एकत्र दिसले. एक नरभक्षक वाघीण, दुसरं तिचं मोठं झालेलं पिल्लू. रंगावरून त्यानं अंदाज बांधला, फिकट ती म्हातारी. गोळी झाडली. पडलं ते पिल्लू. आई निसटली. या चुकीचा हिशोब त्यानं स्वतःच मांडलाय: पुढच्या बारा महिन्यांत आणखी पंधरा माणसं. एप्रिल १९३० मध्ये ती वाघीण त्याला समोरासमोर भेटली, जेमतेम आठ फुटांवर. त्याच्या एका हातात तेव्हा रातव्याची अंडी होती, त्यानं एका हातानंच रायफल फिरवून गोळी झाडली. हा प्रसंग सगळे सांगतात. पंधरा माणसांचा हिशोब सहसा कुणी सांगत नाही.

आणखी एक. त्याच १९३० मध्ये त्यानं 'पोवळगढचा बॅचलर' नावानं प्रसिद्ध असलेला प्रचंड वाघ मारला. तो नरभक्षक नव्हता, तरी मारला. व्हाइसरॉय लिनलिथगो त्याचा मित्र होता, बड्या लोकांच्या शिकारीची व्यवस्थाही तो बघायचा. आणि ज्या राजवटीचा तो भाग होता तिनं वाघ-बिबट्यांच्या डोक्यावर बक्षिसं लावून जंगलं रिकामी केली. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांहून जास्त वाघ मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. या सगळ्यातून कॉर्बेटला वेगळा काढून ठेवता येत नाही.

पण तो बदलत गेला. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यानं वाघांचे फोटो काढायचं वेड लावलं होतं. कॉर्बेटनंही सिनेकॅमेरा घेतला आणि ओढ्याकाठी महिनोन्‌महिने बसून जिवंत वाघ चित्रित केले. १९३६ मध्ये हेली नॅशनल पार्क झालं, भारतातलं पहिलं. त्यामागे त्याचाही हात होता. शेवटची नरभक्षक वाघीण त्यानं ठाक गावाजवळ नोव्हेंबर १९३८ मध्ये मारली, वयाच्या ६३ व्या वर्षी. अख्खं ठाक तेव्हा ओस पडलेलं.

१९४७ च्या नोव्हेंबरात तो बहीण मॅगीबरोबर केनियाला निघून गेला. कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी हे गाव त्यानं वसवलं होतं. तिथली जमीन कसणाऱ्यांकडेच राहिली. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी इथे तो गेला, तिथेच त्याची कबर आहे. त्यानंतर पार्कला त्याचं नाव मिळालं. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात त्याच पार्कमधून झाली. पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आपला मेळघाटही होता.

आपल्याकडे काय?

आता मूळ मुद्दा. कॉर्बेटच्या दोन अटी आजही जिवंत आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्यातलं कलम ११ म्हणतं की माणसाच्या जिवाला धोका ठरलेला वाघ किंवा बिबट्या मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो, पण त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही, याची खात्री झाल्यावरच. म्हणजे कायद्याचाही पहिला प्रश्न तोच: नेमकं हेच जनावर का? आणि दुसरा इलाज खरंच नाही का?

यवतमाळमध्ये पांढरकवडा भागातली टी-१ वाघीण आठवते? लोक तिला अवनी म्हणत. तेरा मृत्यू तिच्या नावावर होते. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली, मागे दोन बछडे राहिले. त्यानंतर जो वाद झाला तो नीट बघा: खासगी शिकारी का बोलावला, बेशुद्ध करायचा प्रयत्न नियमानं झाला का. म्हणजे कॉर्बेटनं १९०७ मध्ये मागितलेल्या गोष्टींभोवतीच तो वाद फिरत होता.

जुन्नरचं उदाहरण याहून बोलकं. तिथे उसात बिबट्या राहतो, उसातच पिल्लं घालतो. या शतकाच्या सुरुवातीला बिबटे दिसले की पकडून लांब सोडायचा सपाटा लागला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला तेव्हा उलटंच दिसलं: बिबटे हलवल्यावर माणसांवरचे हल्ले वाढले. दिसेल तो बिबट्या उचलला, नेमका कोणता हे बघितलंच नाही. तोडगा म्हणून केलं आणि आगीतून फुफाट्यात पडलो.

म्हणून बिबट्याच्या हल्ल्यात ज्यांचं लेकरू गेलं त्यांना "निसर्गाशी जुळवून घ्या" असं शहरातून सांगू नये, असं मला वाटतं. २०२५ च्या शेवटी शिरूर-जुन्नर पट्ट्यात लोक रस्त्यावर उतरले, तो राग खरा होता. पालीच्या लोकांनीही पाच दिवस दार उघडलं नव्हतं. त्यांच्याकडे कॉर्बेट आधी पहाऱ्याला उभा राहिला, शिकार नंतर. वनखात्याचा जो गार्ड आज रात्री टॉर्च आणि काठी घेऊन उसाच्या बांधावर उभा असेल, तो त्याच कामाचा वारस आहे. त्याला माणसं, गाडी, ट्रॅप कॅमेरे आणि वेळ देणं हे आपलं काम आहे. त्याला घेराव घालून "आत्ताच्या आत्ता मारा" म्हणायचं, की त्याला खात्री करायला दोन रात्री द्यायच्या? आणि त्या दोन रात्रींत गावातल्या पोरांना कोण सांभाळणार? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पहिल्याचं मागायचा हक्क आपल्याला नाही.

तर मंडळी, तुमच्या गावात, तालुक्यात असं काम करणारं कुणी असेल, वनरक्षक, सर्पमित्र, कुत्र्यांना लस टोचत फिरणारा पालिकेचा माणूस, तर त्याच्याशी एकदा बोला. त्यानं काय बघितलंय ते विचारा, आणि आम्हालाही कळवा. कॉर्बेटची पुस्तकं मराठीतही मिळतात, ती जरूर वाचा. फक्त वाचताना वाघ किती फुटांचा होता एवढंच बघू नका, तो माणसावर का आला ते लिहिलेलं पान शोधा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!